डोळ्यातला माणूस

तोंडी परीक्षेला हत्तुरे सर समोर असले की पोरं निम्मी पास झाल्यासारखीच असायची.

सोलापूरच्या त्या अभियांत्रिकी कॉलेजात मल्लिनाथ हत्तुरे संगणक विभागात शिकवत होते. तोंडी परीक्षेला एक परीक्षक बाहेरच्या कॉलेजातून येतो आणि एक घरचा असतो. बाहेरचा प्रश्न विचारतो, घरचा सांभाळून घेतो. कुठल्या नियमात हे लिहिलेलं नाही, पण चालतं सगळीकडे. पोरगं चुकीच्या उत्तराकडे निघालं की घरचा परीक्षक खाकरतो, चष्मा पुसतो, नाहीतर शिपायाला चहा सांगतो. हत्तुरे सर पेन वाजवायचे. बटणाचं साधं पेन. टक् झालं की पोराने समजायचं, वाट चुकली. मग ते पोरगं म्हणायचं, "म्हणजे तसं नाही सर, मला असं म्हणायचं होतं..." आणि गाडी रुळावर यायची. याला कॉपी कुणी म्हणत नव्हतं. सर तर नाहीच. घाबरलेल्या पोराला हात द्यायचा, एवढंच त्यात होतं.

त्यांची बायको महानंदा त्याच विभागात शिकवायची. तिची तऱ्हा उलटी. प्रश्न विचारून झाला की खुर्ची वळवून ती खिडकीबाहेर बघत बसायची. बाहेर चिंचेचं मोठं झाड होतं. उत्तर बरोबर असो की चूक, मॅडमचं तोंड झाडाकडे. पोरं तिला खिडकी मॅडम म्हणायची. एकजण म्हणाला होता, यांच्यापेक्षा भिंतीला उत्तर दिलेलं बरं, भिंत पाठ तरी फिरवत नाही. हे सरांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी घरी विषय काढला. जरा पोरांकडे बघत जा, ती घाबरतात, असं सांगितलं. महानंदा भाकरी थापत होती. "यंदा चिंचा किती धरल्यात ते बघत असते," ती म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

महानंदाला जाऊन आता दीडेक वर्ष झालं होतं.

शेवटचे महिने ती इस्पितळात होती. पलंगाशेजारी औषध सोडणारा पंप असायचा. आत औषध किती गेलं, किती जायचं, याचा हिशोब तोच ठेवायचा. सर रोज त्याच्यासमोर बसायचे. पंपावर हिरवी पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर लिहिलेलं होतं, 'माणसाने वाचलेले'.

तोवर प्रोग्रॅम लिहायचं काम माणसांकडे राहिलं नव्हतं. यंत्रं ते काम क्षणात करत, आणि बहुतेक वेळा बरोबर करत. अडचण त्या 'बहुतेक'मध्ये होती. म्हणून कायदा झाला की माणसाच्या जिवाशी संबंध असलेल्या उपकरणाचा कोड एखाद्या माणसाने ओळ न् ओळ वाचावा आणि मगच तो उपकरणात जावा. संगणक शिकलेल्या पोरांना आता हीच मोठी नोकरी उरली होती. वाचक म्हणत त्यांना. इस्पितळातल्या त्या हिरव्या पट्टीकडे बघून सरांना धीर यायचा. आपल्यासारख्याच कुणाच्या तरी विद्यार्थ्याने हे वाचलंय, असं वाटायचं.

पण वाचक निवडायचा कसा? हजार ओळी बरोबर वाचल्या की माणसाची नजर पेंगते आणि एक हजार एकावी ओळ चुकीची असली तरी ती बरोबरच दिसते. हुशारीचा इथे उपयोग नव्हता. हवी होती शंका. तिथेच डोळ्याच्या बाहुलीबद्दलचा एक शोध कामी आला. माणूस वाचत असताना काही न पटणारं नजरेखालून गेलं, तर डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. गंमत म्हणजे ती आधी मोठी होते आणि माणसाला शंका मागून कळते. मन जिथे अजून पोचलेलं नाही, तिथे डोळा जाऊन आलेला असतो. मग चष्म्याच्या काडीत बारीक कॅमेरा बसवला, तो वाचताना बाहुली टिपू लागला. मुद्दाम चुका पेरलेला कोड द्यायचा आणि किती चुकांवर बाहुली हलली ते मोजायचं. त्या आकड्याला शंकांक म्हणत. शंकांक चांगला असला तर वाचकाचा परवाना मिळे, आणि परवाना असला तर नोकरी.

महानंदा गेल्यानंतर कॉलेजात शंकांकाचं केंद्र सुरू झालं. मुलांना नोकरीसाठी तयार करायचं काम सरांकडेच होतं, म्हणून केंद्रही त्यांच्याकडे आलं. त्यांना ते बरंच वाटलं. घरी जाऊन करायचं काय? सकाळी कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात टाकायची, दिवसभर केंद्रात बसायचं, संध्याकाळी कुलूप लावायचं. खोली तीच होती, तोंडी परीक्षांची, चिंचेशेजारची. नियम असा होता की प्रशिक्षकाने विद्यार्थ्यासमोर शांत बसावं, म्हणजे त्याला एकटं वाटत नाही. सर समोर बसायचे, आणि विद्यार्थ्याच्या पडद्यावरच्या ओळी त्यांच्यापुढच्या छोट्या पडद्यावरही सरकायच्या. हातात पेन असायचं.

पहिल्या तुकडीचे आकडे फार वाईट आले. त्यात लावण्या येमुल होती. वडील टॉवेलच्या कारखान्यात मुकादम, घरात तेलुगू बोलणारी, वर्गात शेवटच्या बाकावर बसून सगळ्यांच्या नकला करणारी पोरगी. पहिल्याच चाचणीत तिची बाहुली एकदाही हलली नाही, तेव्हा ती म्हणाली होती, "सर, माझा स्वभावच सरळ आहे ओ. मला कुणावर शंकाच येत नाही." सगळे हसले होते. सरांना मात्र तिच्या डोळ्यात पाणी दिसलं होतं.

पुढच्या वेळी पेरलेली चूक पडद्यावर आली आणि सरांच्या अंगठ्याने आपोआप पेनाचं बटण दाबलं. टक्. लावण्याची बाहुली मोठी झाली. ती थांबली, मागे गेली, ओळ पुन्हा वाचली आणि चूक दाखवली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून सरांना वाटलं, चला, पोरीला गती सापडली. सुरुवातीला हात धरावाच लागतो, सायकल शिकवताना धरतो तसा. नंतर सोडून द्यायचा.

आणि त्यांनी तो सोडलाही. निदान त्यांना तसं वाटलं. शेवटचे काही आठवडे ते पेन खिशात ठेवूनच बसायचे. आकडे खाली आले नाहीत. परवान्याची चाचणीही त्याच खोलीत, त्याच खुर्चीसमोर झाली. तुकडीतलं एकही पोर मागे राहिलं नाही. प्राचार्य आडके यांनी फाटकावर मोठा फलक लावला, त्यावर सरांचाही फोटो होता. नंतरच्या दोन तुकड्याही तशाच निघाल्या.

म्हणून लावण्याला पुण्याच्या कंपनीने घरी बसवलं हे कळलं, तेव्हा सरांचा आधी विश्वासच बसला नाही.

ती रविवारी सकाळी त्यांच्या घरी आली. खुर्चीत न बसता दाराजवळच्या स्टुलावर टेकली. नकला करणारी पोरगी कुठे दिसत नव्हती. झालं ते तिने सरळ सांगितलं. ती औषधाच्या पंपाचा कोड वाचायची. एका बदलात चूक राहिली होती. वीज जाऊन परत आली की पंप आधी दिलेलं औषध विसरायचा आणि तेच पुन्हा द्यायचा. तिकडे मराठवाड्यातल्या एका गावच्या इस्पितळात लाईट गेली, आली, आणि एका बाईला इन्सुलिन दोनदा गेलं. बाई वाचली. पण अजून तिला धड बोलता येत नाही, माणसं ओळखता येत नाहीत.

"ती ओळ माझ्या नजरेखालून गेली होती, सर. कामावरही तोच चष्मा असतो, कंपनीकडे नोंद आहे. मी तिच्यावर थांबलेही होते. पण बाहुली हललीच नाही. चौकशीवाले म्हणतात, तू बघत होतीस पण वाचत नव्हतीस."

सरांनी विचारलं, त्या दिवशी बरं नव्हतं का, झोप झाली नव्हती का. तिने मान हलवली. मग बराच वेळ ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली.

"सर, एक विचारू? हसू नका. मी वाचायला बसले की मला सारखं कशाची तरी वाट बघितल्यासारखं होतं. पहिल्या दिवसापासून. कशाची ते कळत नाही. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाते आणि वाटतं, आता येईल. ते काही येत नाही. मग मला वाटतं, म्हणजे सगळं बरोबर असणार."

सरांचा हात खिशावर गेला, पेनावर. त्यांनी तो काढून मांडीवर ठेवला.

सांगायचं होतं ते तेव्हाच सांगता आलं असतं. पण त्यांच्या तोंडून वेगळंच आलं. नवीन नोकरी, परकं गाव, ताण येतोच, होईल सगळं नीट, असं काहीतरी ते बोलत राहिले. चौकशीत तिच्या बाजूने चार शब्द सांगेन म्हणाले. लावण्याने वाकून नमस्कार केला. जाताना भिंतीवरच्या महानंदाच्या फोटोकडे बघून म्हणाली, "मॅडमनी मला तोंडी परीक्षेत नापास केलं होतं. तेव्हा फार राग आला होता." आणि गेली.

सर त्या दिवशी जेवले नाहीत. परवाना रद्द झाला तर तो कायमचा. तिला पुन्हा या क्षेत्रात कुणी उभं करणार नव्हतं, आणि वर आयुष्यभर त्या बाईचं ओझं. ते ओझं खरं कुणाचं, हे सरांना कळत होतं. पण कळणं वेगळं आणि खात्री वेगळी, असं त्यांनी स्वतःला समजावलं. शेवटी पेन तर खिशात होतं.

खात्री करायला ते सोमवारी दुपारी केंद्रात गेले. दार आतून लावून त्यांनी लावण्याच्या शेवटच्या आठवड्यांतल्या चाचण्यांचं चित्रण काढलं. ते कधी कुणी बघत नसे, सगळे फक्त आकडा बघत. पडद्यावर एकच डोळा आला, काळापांढरा, परातीएवढा. मध्ये बाहुली, भोवती बुबुळाच्या रेघा. बाजूला कोडच्या ओळी सरकत होत्या. पेरलेली चूक आली की बाहुली फुलायची. प्रत्येक वेळी. पेनाचा आवाज कुठेच नव्हता. सरांना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

मग त्यांचं लक्ष डोळ्यावरच्या चकाकीकडे गेलं. डोळा ओला असतो आणि आरशासारखा समोरचं दाखवतो. चकाकीत खिडकीचा चौकोन दिसत होता आणि चौकोनापुढे एक बारकं माणूस बसलेलं होतं. सरांनी चित्र मोठं केलं. ते तेच होते. चित्रण मागे घेऊन त्यांनी सावकाश पुढे सोडलं. चुकीच्या ओळीच्या अलीकडे दोन ओळींवर त्या बारक्या माणसाचे खांदे वर झाले. त्याने श्वास धरला होता. ओळ आली, तशी त्याची हनुवटी किंचित पुढे आली. त्यानंतर बाहुली मोठी झाली. आणि मग खांदे खाली.

त्यांनी दुसरी चूक लावली. तिसरी लावली. इरेश कोरे नावाच्या विद्यार्थ्याचा डोळा लावला. नंतरच्या तुकडीतल्या पोरींचे डोळे लावले. सगळ्या डोळ्यांत तोच माणूस होता, खांदे वर, हनुवटी पुढे. चुका कुठे पेरल्यात हे त्याला पाठ होतं आणि पोरांवर त्याची माया होती. पेन खिशात गेल्यावर त्याचं सगळं अंगच पेन झालं होतं.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी परदेशात एक घोडा बेरजा करायचा म्हणे. उत्तराएवढ्या टापा वाजवायचा आणि थांबायचा. लोक थक्क व्हायचे. पुढे कळलं की घोड्याला बेरीज येत नव्हती. उत्तर जवळ आलं की मालकाचं अंग ताठ व्हायचं आणि टाप बरोबर पडली की सैल पडायचं, घोडा तेवढं बघून थांबायचा. मालक लबाड नव्हता. त्याला स्वतःला हे माहीत नव्हतं. सरांनी हे कुठेतरी वाचलेलं होतं. वाचताना त्यांना घोड्याचं कौतुक वाटलं होतं.

पण मालकाला माहीत नव्हतं. सरांनी तर आधी पेन वाजवलं होतं.

ते प्राचार्य आडक्यांकडे गेले. आडक्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार ओढून घेतलं आणि समजुतीच्या सुरात बोलू लागले. प्रवेशाचे दिवस आहेत, फाटकावर फलक आहे, तीन तुकड्यांची पोरं नोकरीत आहेत, त्यांच्या घरच्यांनी त्या जिवावर लग्नं ठरवली आहेत. एका पोरीच्या चुकीसाठी सगळ्यांच्या पायाखालची फळी काढायची का?

"आणि तुम्ही केलं काय, ओ हत्तुरे? श्वास घेतला. सगळं जग घेतंय की." मग आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम गेल्यापासून तुम्ही फार मनाला लावून घ्यायला लागलाय."

सर उठले. जिन्यात त्यांना वाटलं, आडके म्हणतात त्यात खोटं काय आहे? गप्प राहिलो तर एका लावण्याचं नुकसान. बोललो तर सगळ्यांचं. हा विचार त्यांनी घरी नेला, सकाळी परत आणला. त्यांना स्वतःचीच शिसारी आली, कारण विचार मनाला पटत चालला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लावण्याला केंद्रात बोलावलं. बोलायला शब्द जुळेनात, म्हणून तिला पडद्यासमोर बसवून तिचाच डोळा लावला आणि चकाकीवर बोट ठेवलं. तिला एकदाच बघावं लागलं. दुसऱ्यांदा तिने स्वतः चित्रण मागे घेतलं.

सरांना वाटलं होतं ती रडेल, ओरडेल. तिने चित्रण थांबवलं.

"म्हणजे मी त्या ओळीवर थांबून तुमचीच वाट बघत होते," ती म्हणाली.

सर म्हणाले, मला वाटलं तुला आधार होतोय.

"होत होता की. म्हणून तर." मग ती म्हणाली, "सर, एकदा तरी मला चुकू द्यायचं होतं. इथे चुकले असते तर फक्त आकडा खाली आला असता."

बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. सरांनी सांगितलं की चौकशीत मी हे चित्रण दाखवतो, तुझा दोष नव्हता हे सिद्ध होईल. तिने मान हलवली.

"माझं राहू द्या. इरेश काय वाचतो माहितीये? श्वास देणाऱ्या यंत्राचा कोड. आत्ता, या वेळी वाचत असेल. आमच्याच तुकडीतली दीपाली लहान बाळांच्या काचेच्या पेट्यांचा वाचते. आणि सगळी तुमची वाट बघतायत."

मग सरांना आणखी काही विचार करावा लागला नाही. त्या बाईचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना महानंदाचं दिसलं, उशीवर कललेलं, आणि शेजारच्या पंपावरची हिरवी पट्टी. परवाना देणाऱ्या मंडळाला त्यांनी तिथेच बसून सगळं कळवलं, चित्रणासकट. आपल्या खोलीत परवाना मिळालेल्या प्रत्येकाला कामावरून थांबवावं आणि समोर कुणी नसताना पुन्हा तपासावं, असं लिहिलं. आधी पेन वाजवल्याचंही लिहिलं. ते कुणाला कधी कळलं नसतं. लावण्या शेजारी उभी राहून वाचत होती. पाठवायच्या आधी सरांचं बोट थांबलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली.

त्यांनी पाठवलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मंडळाने सगळे परवाने थांबवले. फाटकावरचा फलक उतरला आणि केंद्र बंद झालं. एरवी गुरुपौर्णिमेला फोन करणाऱ्या पोरांचे फोन येऊ लागले. काही रडली. एकीचं लग्न मोडता मोडता राहिलं. इरेश कोरे शांतपणे बोलला, तेच जास्त लागलं. "मॅडम गेल्यावर तुम्हाला पुण्य हवं झालं, सर. त्याचे हप्ते आम्ही भरायचे का?" सर फक्त म्हणाले की मी खोलीत बसून असतो, पुन्हा तयारी करायची असेल तर ये. इरेशने फोन ठेवला. त्याने वाचलेल्या कोडमध्ये पुढे मंडळाला एक चूक सापडली, यंत्रात जाण्याआधी. हे त्याने सरांना कळवलं नाही, त्यांना दुसरीकडून कळलं. त्या मराठवाड्यातल्या बाईबद्दल मात्र विचारूनही कुणी काही सांगितलं नाही.

केंद्र बंद होतं, तरी चिंचेशेजारची खोली विभागाचीच होती आणि सरावाचा चष्मा कपाटात होता. मंडळाने लावण्याला एक संधी दिली होती, पुन्हा चाचणी द्यायची. ती त्यात निघाली नाही तर संपलं. एका सकाळी ती आली.

"बसवा मला," म्हणाली. "नवीन कोड द्या. मी न पाहिलेला."

सरांनी तिला मी बाहेर थांबतो म्हणून सांगितलं. ती नको म्हणाली. "तुम्ही बाहेर गेलात तर मी दाराकडे बघेन. पुण्यात तेच करत होते. तुम्ही इथे असताना मला जमायला पाहिजे."

सर नेहमीच्या खुर्चीत बसले. पेन त्यांनी केव्हाच घरी ठेवलं होतं. लावण्या वाचू लागली. ओळी सरकू लागल्या आणि सरांनी तोंड कोरं ठेवायचा प्रयत्न केला. पण चूक कुठे आहे ते त्यांना माहीत होतं, कोड त्यांनीच आणलेला होता. ती ओळ खालून वर येताना दिसली तशी छाती आपोआप भरू लागली. त्यांनी जबडा आवळला, तर तोही दिसलाच असणार. लावण्याची नजर पडद्यावरून उठून त्यांच्या चेहऱ्यावर आली.

"सर."

"चुकलं. पुन्हा घेऊ. दुसरा कोड लावतो."

दुसऱ्यांदाही तेच झालं. माया लपवता येत नाही. राग लपवता येतो, कंटाळा लपवता येतो, पण आपलं पोर खड्ड्याकडे चाललंय हे दिसत असताना चेहरा दगडाचा करणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

मग तिसरा कोड लावून त्यांनी खुर्ची उचलली, खिडकीकडे वळवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

समोर चिंच होती. पानं वाऱ्यावर हलत होती, चिंचा अजून हिरव्या होत्या. मागे माऊसच्या चाकाचा बारीक आवाज येत होता, ओळी पुढे सरकत असल्याचा. बसल्याबरोबर सरांची मान आपोआप मागे वळू लागली. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आणि तेव्हा, हात तसे धरलेले असताना, त्यांना आठवलं की महानंदाही खुर्चीचे हात असेच धरायची. बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत. इतकी वर्षं परीक्षांच्या वेळी येता-जाता त्यांनी ते पाहिलं होतं आणि त्यांना वाटलं होतं, तिला पोरांचा कंटाळा येतो. चिंचा बघते म्हणते.

किती वर्षं ती इथे अशी बसली होती. आणि त्यांनी तिला सांगितलं होतं, जरा पोरांकडे बघत जा.

त्यांचे डोळे भरून आले. पुसायला हात उचलला असता तर मागून दिसला असता, म्हणून त्यांनी तो उचलला नाही.

चाकाचा आवाज चालू होता. कोड किती लांब आहे याचा त्यांना अंदाज होता, चूक मध्याच्या थोडी पुढे होती. आता जवळ आली असेल. आता. आवाज थांबला नाही. तो पुढे गेला, आणखी पुढे. ती चूक सोडून गेली होती. एकदा खाकरलं की झालं, एवढंच सरांना वाटत होतं. त्यांनी आवंढासुद्धा गिळला नाही.

मग चाक थांबलं. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. खाली मैदानावर कुणीतरी आऊट झालं आणि आरडाओरडा झाला, तोही विरला. आणि चाक उलटं फिरू लागलं. हळूहळू वर, एक एक ओळ.

"सर," लावण्या म्हणाली. तिचा आवाज पडद्याकडेच होता. "वळू नका हं. मी बघते."